यात्रेच्या नाटकांपासून रंगमंदिरापर्यंत, मला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजची पोरं, यात्रा कमिटीवाले, कधी एखादे सर प्रोजेक्टसाठी, असे बरेच जण फोन करतात आणि प्रश्न तेच तेच असतात. मला सांगायला आवडतं, अर्धा अर्धा तास बोलत बसते, पण लग्नसराईत ब्लाउज शिवायचं काम डोक्यावर असतं तेव्हा जमत नाही, म्हणून एकदा सगळं टाइप करून ठेवतेय. जे जास्त विचारतात त्याचं उत्तर मोठं आहे, बाकीचं थोडक्यात.

तुम्ही मूळच्या कुठल्या? घरात कुणी नाटकात होतं का?

मी बेळगावातल्या वडगावची. वडगाव, शहापूर, खासबाग हा सगळा विणकरांचा भाग. आप्पा पॉवरलूमवर साड्या विणायचे आणि अव्वा, म्हणजे आई, कांड्या भरायची. घरात नाटकात कुणी नव्हतं. पण अव्वाचं माहेर गोकाककडचं, आणि तिकडं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य रात्र रात्र चालायचं, कुलगोडच्या तम्मण्णांचं ते पारिजात, तर तिला त्यातली पदं तोंडपाठ होती. कांड्या भरता भरता ती सत्यभामेचं रुसणं म्हणायची आणि मागाच्या खडखडाटात ते ऐकू यावं म्हणून आवाज वर चढवायची. मी तिच्या शेजारी बसून तेच शिकले. पुढं नाटक बसवणाऱ्या मास्तरांनी विचारलं की बाई तुमचा आवाज माईक नसताना मागच्या रांगेपर्यंत कसा जातो, तर त्याचं उत्तर एवढंच आहे, आमच्या घरात हळू बोललेलं कुणाला ऐकूच जायचं नाही.

पहिलं नाटक कधी केलं?

१९९१ ला, मी एकोणीस वर्षांची होते. बेळगाव तालुक्यातल्या एका गावात यात्रेचं नाटक होतं, ठरलेली बाई दोन दिवस आधी तापानं पडली, आणि त्या गावचे एकजण आप्पांकडं साडी न्यायला यायचे ते म्हणाले तुमची पोरगी शाळेत गॅदरिंगला काम करत होती ना. आप्पा लगेच हो म्हणाले नाहीत. रात्रभर विचार केला आणि सकाळी म्हणाले, मी बरोबर येणार, विंगेत बसणार, आणि नाटक संपलं की तिथंच थांबायचं नाही. दोन दिवसांत पुस्तिका पाठ केली. नाईट, म्हणजे एका रात्रीच्या कामाचे पैसे, मिळाली दीडशे रुपये. आप्पांनी घरी आल्यावर माझ्या जुन्या दोनशे पानी वहीत पहिली ओळ लिहिली, तारीख, गाव, कामाचं नाव आणि पैसे. ती वही अजून आहे, तिच्याबद्दल पुढं सांगते.

यात्रेचं नाटक म्हणजे नेमकं काय? ते रंगमंदिरातल्या नाटकापेक्षा वेगळं असतं का?

हा प्रश्न शहरातली माणसं विचारतात आणि मला याचं उत्तर नीट द्यायचं असतं, कारण "तसली नाटकं" असं म्हणून पुढं जाणारे मी खूप बघितलेत.

बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात गावची यात्रा असली की नाटक असतंच. महालक्ष्मीची यात्रा तर काही गावांत कितीतरी वर्षांनी एकदा भरते, तेव्हा सगळ्या लेकी माहेरी येतात, घरांना रंग लागतो. भाताची सुगी झाली, संक्रांत झाली की तालमी सुरू होतात. तालीम कुठं, तर देवळात नाहीतर शाळेच्या वर्गात, रात्री जेवणं झाल्यावर. काम करणारे कोण, तर शेतकरी, गवंडी, दूधवाले, उद्यमबागच्या कारखान्यात पाळीला जाणारी पोरं. सेकंड शिफ्ट असलेला रात्री साडेअकराला येऊन उभा राहतो आणि त्याचा प्रवेश तेव्हा घेतात. नाटक बसवणारे मास्तर असतात, पेटीवाले आणि तबलेवाले बाहेरून येतात, सीन आणि ड्रेपरी भाड्यानं आणतात, आणि माझ्यासारख्या बायकांना नाईट देऊन बोलावतात. आप्पांच्या तरुणपणी गावातलाच एखादा गोरा पोरगा लुगडं नेसून उभा राहायचा, बाया नाटकात घ्यायची पद्धत गावांत हळूहळू आली. शहरात ते आधी झालं होतं, मुंबईत १९३३ ला ज्योत्स्ना भोळे, पद्मावती वर्तक यांनी रंगमंचावर काम केलं, पण गावाला यायला बरीच वर्षं गेली.

आम्हा बायकांना तालमी फार तर दोन मिळतात. पोरं तीन महिने घोकून बसलेली असतात आणि आम्ही शेवटी जाऊन त्यांच्यात मिसळायचं, तेही असं की प्रेक्षकाला वाटलं पाहिजे ही याच घरातली सून आहे. माझ्या मते हे फार अवघड काम आहे. समोरचा माणूस आयुष्यात पहिल्यांदा उभा आहे, त्याचे हात थरथरतायत, तो वाक्य विसरला तर त्याचं वाक्य माझ्या तोंडून प्रश्न करून विचारायचं म्हणजे त्याला आठवतं. "तुम्ही काल सावकाराकडं गेला होता म्हणे, काय म्हणाला तो?" असं. पुस्तिकेत हे वाक्य नसतंच. मला वाटतं अभिनय मी इथंच शिकले.

नाटक सुरू व्हायला साडेदहा-अकरा वाजतात आणि संपायला पहाटेचे तीन-चार. दुपारपासून लोक जागा धरून ठेवतात, चटई टाकून चारी कोपऱ्यांवर दगड. नारळ फुटतो, नांदी होते, नाटकात मधेच बक्षिसांची घोषणा होते. मी मेलेल्या भावाच्या छातीवर डोकं ठेवून रडतेय आणि माईकवर "अमक्यांकडून एकशे एक रुपये" चालू होतं, तेव्हा रडणं तसंच धरून ठेवायचं असतं, मान हलवायची नाही, पदर सोडायचा नाही, घोषणा संपली की पेटीवाल्यांनी सूर दिला की पुढं. शहरातल्या लोकांना हे विचित्र वाटतं. मला त्याचा कधी राग आला नाही, कारण त्या माणसाचं नाव देवीच्या यात्रेत सगळ्या गावासमोर घेतलं जातंय आणि त्याला माझं रडणं खरं वाटलं म्हणून तो उठून आलाय.

आतापर्यंत किती नाटकांत काम केलं? यादी मिळेल का?

आता वहीबद्दल. २०२४ च्या यात्रेपर्यंत वहीत ३४६ नाईट, म्हणजे तेवढे प्रयोग, लिहिलेल्या आहेत. पहिल्या सहा वर्षांचं अक्षर आप्पांचं, नंतरचं माझं. रंगमंदिरात तिकीट लावून किंवा स्पर्धेसाठी केलेली नाटकं त्यात फक्त अकरा आहेत.

मागं एका कार्यक्रमात माझा सत्कार होता, त्यांनी परिचय मागितला, मी वहीवरून चार पानं लिहून दिली. छापून आलं तेव्हा दोन ओळी होत्या आणि त्यात लिहिलं होतं की यांनी ११ नाटकांत भूमिका केल्या. यात्रेची सगळी काढून टाकलेली. विचारलं तर म्हणाले, मॅडम ती गावातली आहेत ना, जागा कमी होती. मी व्यासपीठावर बसले, शाल घेतली, आणि घरी येऊन रडले. आप्पा तेव्हा नव्हते, पण त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलेल्या त्या ओळी कुणीतरी खोडल्या असं वाटलं. त्या दिवसापासून परिचय मागणाऱ्याला मी आधीच सांगते, छापायचं तर ३४६ छापा, नाहीतर माझं नाव पण नको.

यात्रेच्या नाटकांची नावं इथं देत नाही, एकच पुस्तिका दहा गावं दहा नावांनी करतात. कामं सांगते. सोशिक थोरली वहिनी सगळ्यात जास्त, नंतर पाटलाची बहीण, सावकाराची मुलगी, आंधळी आई (ही मी सव्विसाव्या वर्षी पहिल्यांदा केली), आणि गेल्या सात-आठ वर्षांत सासू. ऐतिहासिकमध्ये जिजाऊ तीन गावांत. रंगमंदिरातलं म्हणाल तर 'एकच प्याला'मधली सिंधू, पदं कमी करून केलेलं, आणि 'तो मी नव्हेच'. कन्नडमध्ये 'संग्या बाळ्या'तली गंगी.

सिंधू करताना गाणी तुम्हीच म्हटली का?

नाही. मला गळा नाही, अव्वाचा होता. दोन पदं ठेवली होती ती विंगेतून दुसऱ्या बाईंनी म्हटली.

'तो मी नव्हेच' आणि निपाणीचं काय नातं आहे?

आचार्य अत्र्यांच्या या नाटकात आरोपी स्वतःला निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे म्हणवतो. पहिला प्रयोग १९६२ ला दिल्लीत झाला, प्रभाकर पणशीकर त्यात एकटे पाच भूमिका करायचे आणि त्यासाठी फिरता रंगमंच वापरला होता. आमच्याकडं फिरता रंगमंच कुठला, आम्ही कोर्ट कायम ठेवलं आणि बाकीचे प्रवेश पुढं प्रकाश टाकून केले. मी फसवल्या गेलेल्या बायकांपैकी एक होते.

निपाणी भागातल्या प्रेक्षकांसमोर हे नाटक करणं वेगळंच असतं. "निपाणी" हा शब्द आला की सगळं प्रेक्षागृह हलतं. पुढच्या रांगेत तंबाखूच्या वखारीत आयुष्य घालवलेली माणसं बसलेली असतात, विड्या वळणाऱ्या बायका असतात, आणि त्यांना लखोबाची भाषा समजावून सांगावी लागत नाही. माझी साक्ष झाली तेव्हा मागून एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "खरं बोलायलीय ती, ऐका की वो!" न्यायाधीशाचं काम करणाऱ्यालाच ती सांगत होती.

तुम्ही मराठी नाटकवाल्या की कन्नड? सीमाभागात दोन्ही कसं जमतं?

मी नाटकवाली आहे. घरात आप्पांशी मराठी, अव्वाशी कन्नड, असंच वाढले. हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात १ नोव्हेंबर असतो, म्हणजे कर्नाटक राज्योत्सव, जो इथली मराठी माणसं काळा दिवस म्हणून पाळतात, हे मला कळतं, त्या दिवशी इथं काय वातावरण असतं ते मी लहानपणापासून बघतेय, आणि मराठी शाळा, मराठी पाट्या यांच्याबद्दल मलाही वाटतं ते वाटतंच. पण रंगभूमीचं विचाराल तर तिची मुळं आधीपासून एकमेकांत गुंतलेली आहेत.

आपण ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन करतो तो विष्णुदास भाव्यांच्या १८४३ मधल्या सांगलीच्या प्रयोगावरून. ते नाटक झालंच मुळी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीच्या राजेसाहेबांनी बघितले आणि तसं मराठीत करा म्हणून भाव्यांना सांगितलं म्हणून. त्याच १८४३ साली ३१ मार्चला अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले, कुठं, तर गुर्लहोसूरला. म्हणजे आपल्याच जिल्ह्यात, सौंदत्तीकडं. त्यांनी ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात 'शाकुंतल' केलं आणि संगीत नाटक उभं राहिलं, त्यातल्या काही पदांना त्यांनी कानडी चाली घेतल्यात. गायक नट केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श नाटक मंडळी १९०८ ला निघाली ती हुबळीत. आणि उलट बाजूनं बघा, कन्नड रंगभूमीवर बसवण्णांच्या भूमिकेसाठी ज्यांचं नाव घेतात ते एणगी बाळप्पा पण सौंदत्ती तालुक्यातलेच, २०१७ ला गेले तेव्हा शंभरी ओलांडली होती. गुर्लहोसूर आणि एणगी, दोन्ही आपल्या जिल्ह्याची गावं. शाळेत आम्हाला हे कुणी सांगितलं नाही, मला एका पेटीवाल्या मास्तरांनी टेम्पोत बसून सांगितलं.

'संग्या बाळ्या'मध्ये मराठी बाईला कसं घेतलं?

माझं कन्नड ऐकून घेतलं. ते सण्णाट आहे, म्हणजे कन्नड लोकनाट्याचा एक प्रकार, बैलहोंगलकडची गोष्ट, संग्या हा सावकाराच्या बायकोवर, गंगीवर, भुलतो आणि त्याचा दोस्त बाळ्या त्याला मदत करतो. पहिल्या तालमीत मी मराठी नाटकातल्यासारखी वाक्याच्या शेवटी थांबत होते, टाळीसाठी जागा सोडतात तशी. तिथले मास्तर म्हणाले, अक्का, गंगी थांबत नाही, ती बोलता बोलता पाऊल टाकते, आणि पावलावर पुढचं वाक्य येतं. आठ दिवस नुसतं चालायला शिकले. तेव्हापासून यात्रेच्या नाटकात पण मी पाऊल आधी टाकते, लोकांना कळत नाही काय बदललं पण आधीसारखं अडखळत नाही.

तुमची बोली बेळगावी आहे, नाटकात अडचण आली का?

सुरुवातीला खूप. आमच्याकडं बायका पण "मी येतो", "मी जेवलो" म्हणतात, कोल्हापूरकडं पण तसंच. स्पर्धेच्या नाटकात दिग्दर्शकांनी पहिल्या दिवशी सांगितलं, बाई, "येते" म्हणा. "काय करायलास" चं "काय करतोयस" झालं पाहिजे. मी घरी शिवणयंत्रावर बसून "येते, जाते, करते" असं घोकायचे. जमलं. पण एकदा गावच्या नाटकात थोरल्या वहिनीचं काम होतं आणि मी शुद्ध बोलायला लागले तर पडदा पडल्यावर तिथल्या एका काकू आत आल्या आणि म्हणाल्या, "आज तू आमची वाटली नाहीस बघ." मला ते लागलं. आता ठरवून ठेवलंय, पुस्तिकेतली बाई पुण्याची असली तर "येते", आमच्या पट्ट्यातली असली तर "येतो की".

कुठल्या कुठल्या रंगमंदिरांत काम केलंय?

बेळगावात लोकमान्य रंगमंदिर, मराठा मंदिर, कॅम्पातलं गोगटे रंगमंदिर आणि कन्नड नाटक कुमार गंधर्व रंगमंदिरात (कुमार गंधर्व जन्मले ते इथल्याच सुळेभावीला, हे बाहेरच्यांना माहीत नसतं). २०१५ ला गायिका-अभिनेत्री फैय्याजबाई अध्यक्ष असलेलं नाट्यसंमेलन बेळगावात झालं तेव्हा मी प्रेक्षकांत होते, त्यांना लांबून बघितलं.

कोल्हापूरला केशवराव भोसले नाट्यगृहात एकदाच, स्पर्धेला. शाहू महाराजांच्या काळातली वास्तू, १९१५ ची. आमच्यातला एक पोरगा पहिल्यांदा तिथल्या स्टेजवर गेला आणि चप्पल काढून वाकून हात लावला, मग आम्ही सगळ्यांनीच लावला. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. व्हिडिओ आला तेव्हा मी मशीनवर होते, त्या पोराला फोन केला, दोघंही नुसते धरून बसलो, बोललो काहीच नाही.

सगळ्यात लक्षात राहिलेला प्रयोग कुठला?

खानापूर तालुक्यातलं जंगलाकडचं गाव, १९९८ चा मे महिना. तिसरा अंक चालू झाला आणि वळीव आला, असा की मांडवाचं कापड पाण्यानं फुगून खाली आलं. लाइट गेली. पेटीवाल्या मास्तरांनी पेटी पोटाशी धरली आणि पळाले. मला वाटलं संपलं. तर गावातले लोक उठून घरी गेलेच नाहीत, देवळात शिरले, पोरं खांबाला धरून उभी, बायका गाभाऱ्याच्या पायरीपर्यंत बसल्या, कुणीतरी दोन गॅसबत्त्या आणल्या आणि मधे चार हात जागा मोकळी ठेवली. सीन नाही, माईक नाही, पत्र्यावर पाऊस. मला आमचा माग आठवला आणि त्याच आवाजात मी बोलले. माझ्या पायापासून एका हातावर एक बाई बाळ घेऊन बसली होती, माझ्या लुगड्याचं पाणी तिच्यावर ठिबकत होतं, ती सरकली नाही. भावाचं काम करणारा गवंडी होता, तालमीत त्याला कधी रडू आलं नव्हतं, त्या दिवशी आलं. वहीत त्या ओळीपुढं पैशाच्या जागी आप्पांच्या सवयीप्रमाणे आकडा लिहिलाय आणि बाजूला मी फक्त "देऊळ" एवढंच लिहिलंय.

घरच्यांचा, सासरच्यांचा विरोध नव्हता?

होता. लग्नानंतर दोन वर्षं वहीत एकही ओळ नाही. मग मिस्टरांनी एक नाटक येऊन बघितलं आणि पुढच्या नाइटला स्वतःच्या गाडीवरून सोडायला आले. शेजारीपाजारी काय म्हणाले ते आता उगाळत नाही.

सीरियलमध्ये का गेला नाहीत?

दोनदा बोलावणं आलं, एकदा कोल्हापूरला जाऊन दिवसभर बसून आले. यात्रेच्या सीझनला तारखा द्याव्या लागल्या असत्या, गावांना दिलेला शब्द मोडला असता. तेवढंच कारण.

नवीन मुलींना यात्रेच्या नाटकात काम करायचं असेल तर काय बघावं?

कमिटीशी बोलताना लाजायचं नाही. इसार घेतल्याशिवाय तारीख पक्की धरायची नाही, बाकीची रक्कम तिसऱ्या अंकाआधी हातात पडली पाहिजे, नंतर पहाटे कमिटीवाले सापडत नाहीत, दोनदा माझे पैसे असेच राहिलेत. कपडे बदलायला खोली पाहिजे आणि तिला आतून कडी पाहिजे, हे फोनवरच विचारा. परत सोडायची गाडी कुणाची, ड्रायव्हर कोण, हे घरी सांगून जा. एकटी जाऊ नका, पेटीवाल्यांबरोबर किंवा दुसऱ्या बाईबरोबर जा. आणि पुस्तिका पूर्ण वाचा, फक्त आपली वाक्यं नाही. मंडळाची पोरं मात्र चांगली असतात, आक्का आक्का करून ताट वाढून देतात, त्यांना घाबरू नका.

आमच्या गावच्या यात्रेला यायचं असेल तर कधी सांगायचं?

संक्रांतीच्या आत सांगा, होळीनंतर तारखा राहत नाहीत. पुस्तिकेची झेरॉक्स आधी पाठवा, मोबाइलवर फोटो पाठवलेले मला नीट वाचता येत नाहीत. दोन तालमींना मी येते, तिसरी हवी असेल तर बसभाडं द्या, नाईट वाढवून नको. पत्रिकेवर माझं नाव बाकीच्या पोरांच्या नावांच्या ओळीतच घाला, "खास आकर्षण" म्हणून वर मोठं छापू नका. आणि नाटक झाल्यावर कमिटीपैकी कुणीतरी माझ्या वहीत गावाचं नाव स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, आप्पा गेल्यापासून मी ती ओळ गावाकडूनच लिहून घेते.